हळदीचा एक रंग, प्लेटवरचे तीन ठिपके

हळदीची चिमूटभर पूड थोड्या मेथॅनॉलमध्ये हलवून निवळू दिली आणि वरचा पिवळा द्रव बारीक केशनळीने काचेच्या पांढऱ्या प्लेटवर टेकवला, तर एकच पिवळा ठिपका उमटतो. ती प्लेट योग्य विद्रावकात, म्हणजे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात, उभी करून बाहेर काढली की त्या एका ठिपक्याच्या जागी एकावर एक असे तीन पिवळे ठिपके दिसतात. सर्वांत वरचा कर्क्युमिनचा, मधला डिमेथॉक्सिकर्क्युमिनचा आणि खालचा बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिनचा. आपण ज्याला हळदीचा रंग म्हणतो तो या तीन भावंडांचा मिळून झालेला आहे, आणि ही गोष्ट पाहायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. या पद्धतीला पातळ थर वर्णलेखन म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सगळे तिला टीएलसी म्हणूनच ओळखतात.

प्लेटवरचा पांढरा थर सिलिका जेलचा असतो आणि त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. नव्या चपलांच्या खोक्यात ओलावा शोषण्यासाठी जी पुडी ठेवलेली असते, तिच्यातले दाणेही सिलिका जेलचेच. इथे ते पिठासारखे बारीक करून काचेवर किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवलेले असतात. या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, दाटीने असतात आणि ते ध्रुवीय रेणूंना, म्हणजे ज्यांच्यात विद्युतभार असमान वाटलेला असतो अशा रेणूंना, धरून ठेवतात. उलट, केशाकर्षणाने वर चढणारा विद्रावक त्याच रेणूंना आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहतो. प्रत्येक रेणू क्षणभर चिकटतो, सुटतो, थोडा पुढे जातो आणि पुन्हा चिकटतो. जो जास्त वेळ चिकटून राहतो तो मागे पडतो.

हळदीच्या तीन घटकांत फरक केवढा? कर्क्युमिनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक मेथॉक्सी गट (ऑक्सिजनला जोडलेला एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन) असतो, दुसऱ्यात तो एकाच टोकाला असतो आणि तिसऱ्यात कुठेच नसतो. हा मेथॉक्सी गट शेजारच्या हायड्रॉक्सिल गटाशी हायड्रोजन बंध जोडून त्याला गुंतवून ठेवतो, त्यामुळे त्या हायड्रॉक्सिलची सिलिकाला धरण्याची ताकद कमी होते. म्हणून दोन मेथॉक्सी असलेले कर्क्युमिन सर्वांत वर जाते आणि एकही नसलेला रेणू सर्वांत खाली राहतो. रेणूच्या टोकाला असलेला एवढासा फरक काही सेंटिमीटरांच्या अंतरात उलगडून डोळ्यांना दिसावा, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

प्रत्यक्ष काम हाताने करायचे असल्याने बारकावे सांभाळावे लागतात. प्लेटच्या खालच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटरवर रेघ मारतात ती पेन्सिलीने, कारण पेनाची शाई स्वतःच विद्रावकाबरोबर धावू लागते आणि तिचेच रंग वेगळे होऊन प्लेट बिघडते. ठिपका दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा मोठा होऊ देत नाहीत. द्रव एकदम ओतण्याऐवजी केशनळी हलकेच टेकवून, वाळू देऊन, पुन्हा टेकवतात. झाकणाच्या बरणीत क्लोरोफॉर्म 95 भाग आणि मेथॅनॉल 5 भाग असे मिश्रण अर्धा सेंटिमीटरभर घेतात आणि आतल्या बाजूने गाळणकागद लावतात, म्हणजे बरणीतली हवा बाष्पाने भरून राहते. क्लोरोफॉर्म विषारी असल्याने हे सारे धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचे असते. विद्रावकाची पातळी पेन्सिलीच्या रेघेखाली राहिली पाहिजे, नाहीतर ठिपके वर चढण्याऐवजी बरणीतच विरघळून जातात. प्लेट बाहेर काढताक्षणी विद्रावक कुठवर पोहोचला तिथे खूण करावी लागते, कारण ती ओली सीमा पाहता पाहता वाळून नाहीशी होते.

त्या खुणेमुळे एक आकडा मिळतो. समजा विद्रावक 6 सेंटिमीटर चढला आणि ठिपका 4.2 सेंटिमीटर, तर 4.2 भागिले 6, म्हणजे 0.70. याला आरएफ म्हणतात. पुस्तकात छापलेल्या आरएफवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. मुंबईच्या जुलैमधल्या दमट हवेत प्लेट उघडी राहिली, तर सिलिका हवेतले पाणी धरते, तिची पकड सैल होते आणि तेच ठिपके नेहमीपेक्षा वर जातात. म्हणून वापरण्यापूर्वी प्लेट 110 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवतात आणि, त्याहून महत्त्वाचे, त्याच प्लेटवर नमुन्याच्या शेजारी शुद्ध कर्क्युमिनचा ठिपका देतात. दोघे एकाच हवेत, एकाच विद्रावकात, एकाच वेळी चढतात, त्यामुळे त्यांची तुलना खरी ठरते. या पद्धतीची सारी विश्वासार्हता मला या शेजारच्या ठिपक्यात दिसते.

मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सामध्ये पानांतील रंगद्रव्ये चूर्ण भरलेल्या काचनळीतून वेगळी केली आणि 1906 मध्ये या तंत्राला वर्णलेखन या अर्थाचे नाव दिले. नळीऐवजी काचेवरचा पातळ थर वापरण्याची कल्पना 1938 मध्ये खारकीव्हच्या निकोलाय इझमाइलोव्ह आणि मारिया श्रायबर यांनी औषधी वनस्पतींचे अर्क तपासताना मांडली. पुढे जर्मनीतील एगॉन श्टाल यांनी 1950 च्या दशकात थराची जाडी, सिलिकाची प्रत आणि साधने ठरवून दिली. तेव्हापासून ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. सुरुवात औषधी वनस्पतींपासून झाली आणि आजही आयुर्वेदीय औषधकोशात अनेक वनस्पतींच्या ओळखीसाठी टीएलसीची कसोटी दिलेली आहे.

सगळेच पदार्थ हळदीसारखे रंगीत नसतात. त्यांच्यासाठी सिलिकात प्रतिदीप्ती देणारा पदार्थ मिसळलेल्या प्लेट मिळतात. 254 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात सारी प्लेट हिरवी चमकते आणि तो प्रकाश शोषणाऱ्या संयुगांच्या जागी काळे डाग दिसतात. अमिनो आम्लांवर निनहायड्रिन फवारून प्लेट तापवली की जांभळे ठिपके उमटतात. आयोडिनच्या बाष्पात ठेवल्यास कित्येक सेंद्रिय पदार्थ तपकिरी होऊन दिसतात.

भेसळ ओळखण्यातही प्लेट कामी येते. मेटॅनिल यलो हा पिवळा कृत्रिम रंग मिसळलेल्या हळदीचा अर्क वरीलच मिश्रणात चढवला, तर कर्क्युमिनची भावंडे वर जातात आणि हा अतिशय ध्रुवीय रंग आरंभरेघेजवळच अडून बसतो. खात्रीसाठी त्याच रंगाचा ठिपका शेजारी द्यायचाच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण एखादी पूड सांगलीचीच आहे का, हे प्लेट सांगू शकत नाही, कारण हळद कुठलीही असली तरी ठिपके त्याच उंचीवर येतात. फार तर त्यांचा गडदपणा कमीजास्त असतो. लेड क्रोमेट ही आणखी गंभीर बाब आहे. हळकुंडांना उठावदार पिवळेपणा यावा म्हणून वापरली जाणारी ही शिशाची विषारी पूड मेथॅनॉलमध्ये विरघळतच नाही, ती गाळासोबत तळाशी राहते आणि प्लेटवर पोहोचतच नाही. तिच्यासाठी तळाचा तो गाळच आम्लात विरघळवून त्यातले शिसे वेगळ्या यंत्रावर मोजावे लागते.