निर्वाचक मंडळ (अमेरिका)

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडणारी घटनात्मक यंत्रणा. दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे असतात, पण मतदार प्रत्यक्षात निवडतो ते ५३८ निर्वाचक. ज्या राज्याचे संसदेच्या प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, त्यात सिनेटचे (दुसऱ्या सभागृहाचे) दोन मिळवून तितके त्याचे निर्वाचक. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. बहुमताला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडता इतरत्र राज्यात जो पुढे, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात.

भारताच्या राष्ट्रपतींची निवडही निर्वाचक मंडळच करते, पण तिथे आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते: महाराष्ट्रात १७५, सिक्कीममध्ये ७. अमेरिकेत झुकते माप लहान राज्यांना आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये सुमारे १ लाख ९२ हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख ३० हजारांमागे.

ही पद्धत १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत ठरली. दूरच्या उमेदवारांची पारख सामान्य माणसाला होणार नाही ही भीती आणि लहान राज्यांची काळजी, ही दोन कारणे नेहमी सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण गुलामगिरीचे तिसरे कारण त्यांच्या मागे झाकून ठेवणे इतिहासाशी प्रामाणिक नव्हे. १९ जुलैच्या चर्चेत व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी ते उघडपणे मांडले: थेट निवडणूक झाली तर गुलामांना मत नसल्यामुळे गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांचा प्रभाव उरणार नाही, निर्वाचक नेमले तर ही अडचण टळेल. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब मान्य झाला होताच. तोच निर्वाचकांना लागू झाला. त्यामुळे १८०४ मध्ये पेन्सिल्व्हेनियात मुक्त लोक जास्त असूनही त्याला २० निर्वाचक आणि व्हर्जिनियाला २४ होते. ज्यांना साखळदंडात ठेवले, त्यांचीच डोकी मोजून मालकांचे वजन वाढवले गेले. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनियाच्या माणसांकडे राहिले.

यादवी युद्धाने गुलामगिरी संपली, पण या यंत्रणेची किंमत कृष्णवर्णीयांनी पुन्हा मोजली. १८७६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार सॅम्युएल टिल्डन यांना जनतेची मते जास्त होती, मात्र २० निर्वाचकांवर वाद झाला. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी ते सगळे रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेज यांना दिले. निकाल १८५ विरुद्ध १८४ लागला. त्याबरोबरच्या समझोत्यात दक्षिणेतील राज्यांच्या राजकारणातून संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले आणि नुकताच मताधिकार मिळालेले लाखो लोक वाऱ्यावर सोडले गेले. तो हक्क पुन्हा खरा व्हायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

देशभरात जास्त मते मिळूनही हरणे १८८८ मध्ये घडले, मग २००० आणि २०१६ मध्येही. २००० मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांनी देशाचा निकाल ठरला, तर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन सुमारे २८ लाख ७० हजार मतांनी पुढे असूनही हरल्या. मंडळ रद्द करण्याची दुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली होती. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये, मुख्यतः दक्षिणेच्या सदस्यांनी, चर्चा लांबवून ती अडवली.

६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचकांची मते मोजली जात असताना पराभूत डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला. उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी काही राज्यांची मते नाकारावीत, ही मागणी होती. १८८७ च्या मोजणी कायद्यातील संदिग्ध भाषेने तिला जागा दिली होती. २०२२ च्या सुधारित कायद्याने पीठासीन उपराष्ट्राध्यक्षांचे काम निव्वळ औपचारिक ठरवले आणि आक्षेपासाठी दोन्ही सभागृहांतील एकपंचमांश सदस्यांची सही आवश्यक केली. ६ जानेवारी २०२५ रोजी तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी त्याच सभागृहात स्वतःच्या पराभवाचा निकाल, ३१२ विरुद्ध २२६, वाचून दाखवला. कुणीही आक्षेप घेतला नाही.