आल्याची बाटली आणि मे महिन्याचं घड्याळ

रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात असा काही आवाज झाला की आधी वाटलं, गॅस सिलिंडर गेला. गोव्यात फोंड्याचं आमचं जुनं घर, मे महिना, पंखा फिरतोय तरी अंगाला चिकटलेला सदरा. दिवा लावला तर फडताळावरच्या तीन बाटल्यांपैकी एक नव्हतीच. छतावर पिवळसर पाणी, भिंतीवर आल्याचे तंतू आणि उघड्या राहिलेल्या तांदळाच्या डब्यात काचा. आई दारात येऊन उभी राहिली नि म्हणाली, "दारूची भाटी घरातच आणलीस की काय?"

मी जिंजर बिअर करत होतो. नावात बिअर असली तरी मूळ गोष्ट म्हणजे आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेलं फसफसणारं पेय. कृती इंग्लंडची होती आणि त्यात 'आठवडाभर ठेवा' असं लिहिलेलं. मी अगदी आज्ञाधारकपणे ठेवलं. चौथ्याच रात्री बाटलीने उत्तर दिलं.

चूक कृतीत नव्हती, ती माझ्या घड्याळात होती. साखर खाऊन वायू सोडणारं काम यीस्ट करतं, आणि त्याच्या कामाचा वेग दिवसांवर नाही, उबेवर ठरतो. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग दुपटीच्या आसपास जातो. पस्तीसच्या पुढे मात्र यीस्टलाही धाप लागते. इंग्लंडमधल्या स्वयंपाकघरात १८ अंश धरा, आमच्या फडताळावर ३२. म्हणजे तिकडचा आठवडा इकडे अडीच दिवसांत संपतो. मी चौथ्या दिवशीही वाट बघत बसलो होतो.

खरं तर गोव्यात राहून हे मला कळायला हवं होतं. रेंदेर, म्हणजे ताडी काढणारा, पहाटे माडावरून सूर, म्हणजे माडाची ताडी, उतरवतो ती गोड असते, आणि दुपारपर्यंत तिच्यात झिणझिण येते. काजूच्या हंगामात नीरो, म्हणजे बोंडांचा रस, प्यायचा तर काढल्याबरोबर, ताजा. संध्याकाळी तोच नीरो वेगळा लागतो. ज्या घरांत सूर रोज यायची, तिथल्या बायका भांड्यावर नाक नेऊन ठरवायच्या की ही सान्नांना, म्हणजे सुरीने फुगवलेल्या तांदळाच्या इडल्यांना, चालेल की व्हिनेगरला ठेवावी. तिथे कॅलेंडर कुणी बघत नव्हतं.

आल्यावर हे यीस्ट येतं कुठून? कुठूनच नाही, ते तिथेच असतं. कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं, आलं मातीसकट घेतलं की त्याच्या सालीवर रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आधीच वस्ती करून असतात. ल्युकोनोस्टॉक हा त्यातला एक, इडलीचं पीठ फुगवणारा आपला जुना ओळखीचा. म्हणून आलं सोलायचं नाही. माती धुऊन टाकायची, साल ठेवायची आणि सालीसकट किसायचं. बाजारातलं चकचकीत, घासून पुसून ठेवलेलं आलं दिसायला बरं, पण मला त्याने दोनदा दगा दिला आहे.

अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे किसलेलं आलं आणि दोन चमचे साखर, वर फडकं बांधायचं, रोज पुन्हा तेवढंच आलं आणि साखर घालून ढवळायचं. पाणी नळाचं असेल तर उकळून पूर्ण गार केलेलं, कारण जंतू मारायला घातलेलं क्लोरीन आपल्याला हवे असलेले जंतूही मारतं. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी कान लावला तर बरणीतून बारीक तडतड ऐकू येते, कढईत मोहरी फुटावी तशी पण फार लांबून. तिसऱ्या दिवशी आल्याचा कीस वर येऊन जाड थर धरतो, कारण प्रत्येक तंतूला बुडबुडे चिकटून त्याला उचलून धरतात. वास आंबूस, थोडा पावासारखा. हे झालं विरजण. बुरशीची लव दिसली किंवा वास कुजका आला तर जीव न अडकवता ओतून टाकायचं.

अशाच एका विरजणाच्या मागे एक वनस्पतिशास्त्रज्ञ काही वर्षं लागला होता. हॅरी मार्शल वॉर्ड. १८८० साली त्याला सिलोनला धाडलं गेलं ते कॉफीच्या पानांवरचा तांबेरा अभ्यासायला. पुढे तो इंग्लंडमध्ये कूपर्स हिलच्या रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेजात हिंदुस्थानात जाणाऱ्या वनाधिकाऱ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायचा, आणि त्याच काळात त्याने जिंजर बिअरच्या 'रोपा'चा छडा लावला. हे रोप म्हणजे घराघरांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जाणारे जेलीसारखे पांढुरके दाणे. आपल्या बरणीतल्या विरजणाचे चुलत भाऊ म्हणा. १८९२ साली वॉर्डने दाखवून दिलं की हे रोप एक जीव नसून दोन आहेत: एक यीस्ट आणि त्याला आपल्या चिकट वेटोळ्यांत धरून ठेवणारा एक जिवाणू. दोघांचा संसार एकत्र. बाकीचे पाहुणे आले गेले तरी हे दोघे नसतील तर दाणा बनत नाही.

आता बाटलीकडे येऊ, कारण खरा धोका तिथे आहे.

यीस्ट साखरेचे आधी दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग त्यांतून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड, वजनाने जवळपास निम्मं निम्मं. म्हणजे दहा ग्रॅम साखरेतून, चहाचे दोन चमचे धरा, सुमारे पाच ग्रॅम वायू. पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण मोकळा सोडला तर आपल्या उन्हाळ्यात तो जवळजवळ तीन लिटर जागा व्यापतो, आणि तुम्ही त्याला भरलेल्या एक लिटरच्या बाटलीत कोंडलेलं असतं. बराचसा पाण्यात विरघळतो, तरीही ३० अंशांना आतला दाब गाडीच्या टायरमधल्या दाबापेक्षा जास्तच भरतो. हे फक्त दोन चमच्यांचं. गोड लागावी म्हणून आपण लिटरमागे ७०-८० ग्रॅम साखर घालतो. यीस्टला ती सगळी खाऊ दिली तर कुठलीही साधी काच टिकणार नाही.

अडचण अशी की उरलेली साखर हाच पेयाचा गोडवा, आणि हेच यीस्टचं पुढचं जेवण. बाटली गोड आहे याचा अर्थ ती अजून भरलेली बंदूक आहे.

त्यामुळे काच बंद. सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या मुळातच दाब सोसायला बनवलेल्या असतात आणि बोटांना त्या खरं सांगतात. दोन लिटर पाण्यात शंभर ग्रॅम आलं दहा मिनिटं उकळायचं, दीडशे ग्रॅम साखर विरघळवायची, पार गार झाल्यावर दोन लिंबांचा रस आणि अर्धी वाटी गाळलेलं विरजण. लिंबू चवीपुरतं नाही. आम्लपणा सुरुवातीपासूनच वर ठेवला की नको त्या जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत. बाटलीत वर चार बोटं जागा ठेवून भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दाबून बघायची. दबते आहे, म्हणजे वेळ आहे. दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. मेमध्ये मला एक ते दीड दिवस पुरतो, जानेवारीत त्याहून जास्त.

फ्रीजमध्ये दोन गोष्टी होतात. यीस्ट पेंगतं, मरत नाही. आणि थंड पाणी वायूला जास्त जागा देतं: पाच अंशांच्या पाण्यात तीस अंशांच्या मानाने दुपटीच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मावतो, म्हणून दाब उतरतो. पण पहिल्या पावसात लाइट गेली आणि रात्रभर आलीच नाही, तर सकाळी आधी दुधाकडे नाही, या बाटल्यांकडे बघायचं. झाकण मोरीत धरून, हळूहळू सैल करत उघडायचं. गरम बाटली उघडली की आल्याच्या प्रत्येक सूक्ष्म कणावर बुडबुडा जन्मतो आणि अर्धं पेय छताकडे जातं.

दुकानातल्या बहुतेक बाटल्यांत हा खटाटोप नसतो, तिथे वायू यंत्राने भरतात. ती युक्ती निघाली तीही दारूच्या भट्टीतूनच: १७६७ साली लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टलीच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता, तिथल्या पिंपांवर साचणारा वायू त्याने पाण्यात मिसळून पाहिला आणि सोडावॉटर झालं.

आणि हो, अल्कोहोल. दहा ग्रॅम साखर आंबली की लिटरभर पेयात साधारण ०.६ टक्का. वेळेवर फ्रीजमध्ये गेलेली बाटली एका टक्क्याच्या मागेपुढे असते, पण शून्य नाही. मुलांना 'सरबत' म्हणून पेलाभर देण्याआधी हे लक्षात असू द्या. बाहेर विसरलेली बाटली तर ताडीच्या घरी जाऊन पोचते.

घशात जी जळजळ होते ती मात्र वायूची कमी, आल्यातल्या तिखट द्रव्याची, जिंजेरॉलची जास्त. जिभेवरचा उष्णता ओळखणारा जो संवेदक मिरचीने चेकाळतो, त्याच्यावरच हे बसतं, म्हणून फ्रीजमधून काढलेलं पेयही 'गरम' लागतं. आलं वाळवलं की जिंजेरॉलचं शोगाओल होतं, आणखी झणझणीत. आईची सुंठ बोटभर पुरते ती त्यामुळेच. उकळलं की काही भागाचं झिंजेरोन होतं, मवाळ आणि थोडं गोडसर. म्हणून वर सगळं आलं उकळायला सांगितलं असलं तरी मी स्वतः अर्धंच उकळतो आणि अर्धं कच्चं किसून घालतो.

स्फोटानंतर आईने विरजणाची बरणी फेकून द्यायला लावली नाही, फक्त फडताळावरून मोरीजवळ हलवली. नाताळच्या आधी शेजारच्या आंटी आल्या. त्यांचा रेंदेर म्हातारा झाला, पोरगा माडावर चढत नाही, सूर कुठून आणायची? बरणीतली तडतड ऐकून त्यांनी वाटीभर नेलं. दुसऱ्या दिवशी सान्नां आली, फुगलेली, जाळीदार. एक घास खाल्ल्यावर आई म्हणाली, चहाची गरजच नाही, आलं आधीच घातलंय.