सासरी त्रास होत असेल तर दाद कुठे मागायची आणि कागद कोणते लागतात: मराठवाड्यातल्या बायांसाठी माहिती

लग्नाचा दाखला काढलेला नाही, आधारवर अजून माहेरचंच नाव आहे, रेशनकार्ड सासूच्या पेटीत आहे. एवढ्या कारणांवरून कितीतरी बाया महिनोन्‌महिने गप्प बसतात. म्हणून आधी हेच सांगते: तक्रार नोंदवण्यासाठी अमुक कागद हवाच, अशी अट कायद्यात कुठेही नाही. कागद मागाहून जमतात. कुणी 'आधी लग्नाचा दाखला आणा' म्हणून परत पाठवलं, तर तेच लेखी द्या म्हणावं. बहुतेक वेळा लेखी देण्यापेक्षा अर्ज घेणं त्यांना सोपं वाटतं.

ज्या कायद्याखाली हे सगळं होतं त्याचं नाव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. गावात याला 'डीव्हीची केस' म्हणतात. ही केस केल्याबरोबर पोलीस नवऱ्याला उचलून नेत नाहीत. मारहाण थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, लेकरांचा ताबा, नुकसानभरपाई हे या केसमधून मागायचं असतं. फौजदारी गुन्हा ही वेगळी गोष्ट. सासरच्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८ अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे, आणि तो गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवतात. दोन्ही एकदम करता येतात, हवं तर दोन्हींपैकी एकच केली तरी चालतं. 'एक केली की दुसरी करता येत नाही' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

अर्ज कोण करू शकतं

फक्त बायकोच नाही. एका घरात राहणारी किंवा पूर्वी राहिलेली आई, बहीण, मुलगी, सून, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्या यात येतात. धर्माची अट नाही. हिंदू, मुस्लीम, बौद्ध, ख्रिस्ती, कायदा एकच.

आपल्या भागात विधवांचा मुद्दा मोठा आहे. शेतकरी नवऱ्याने जीव दिला, मदतीचे पैसे आले, आणि तेराव्यानंतर दिरा-सासऱ्यांनी 'आता माहेरी जा' म्हणून सुनेला लेकरांसकट बाहेर काढलं. अशी बाई याच कायद्याने त्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथे सून म्हणून नांदलेली असली तर ते तिचं सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. जमिनीतला वारसाहक्क हा वेगळा दावा, त्याची इथे सरमिसळ नको.

हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही. मुलगा झाला नाही म्हणून रोज टोचणं, जबरदस्तीचा शरीरसंबंध, स्त्रीधन काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं हेही त्यात येतं. ऊसतोडीला जोडी मिळून एक कोयता धरतात, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) मात्र नवऱ्याच्या हाती पडते आणि सीझनभर बाईला स्वतःच्या मजुरीतली दमडी दिसत नाही. कायद्याच्या भाषेत हा आर्थिक छळ आहे, आणि तो अर्जात लिहायचा असतो. बाया तो लिहीत नाहीत, कारण 'ते तर सगळ्यांचंच तसं असतं'.

कुठे जायचं

जिवावर बेतलं असेल तर ११२. सल्ला, निवारा, कुठे जाऊ हा प्रश्न असेल तर १८१. दोन्ही फुकट लागतात.

अंगावर जखम असेल तर पहिल्यांदा सरकारी दवाखाना, मग बाकी सगळं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालय असो, नांदेडचं विष्णुपुरी असो किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. पोलिसांची चिठ्ठी किंवा आधीची तक्रार नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. इथे एक चूक हमखास होते. सासू सोबत आलेली असते, डॉक्टर विचारतात काय झालं, आणि बाई म्हणते 'पायरीवरून पडले'. केसपेपरवर तेच उतरतं, आणि सहा महिन्यांनी कोर्टात समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. तेव्हा डॉक्टरांना एकटीला बोलायचंय म्हणून सांगा. कोणी मारलं, कशाने मारलं, कधी मारलं हे तिन्ही सांगा. एमएलसी (मारहाणीच्या जखमेची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करायला सांगा आणि नंबर लिहून घ्या. केसपेपर दवाखान्यात विसरू नका.

सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन हे सगळं एका छताखाली मिळावं म्हणून ही केंद्रं २०१५ पासून सुरू झाली. रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या बाईला तिथे साधारण पाच दिवस राहता येतं, लेकरं सोबत नेता येतात. त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर तेच लोक शक्ती सदन किंवा शासकीय महिला राज्यगृहाकडे पाठवतात. निवाऱ्यात असलेल्या बाईची माहिती सासरच्यांना देऊ नये, असं तिने सांगितलं तर ती देता येत नाही. हे आत जातानाच सांगून ठेवा.

संरक्षण अधिकारी म्हणजे या कायद्याचा कणा. महिला व बाल विकास विभागाचा हा माणूस (बऱ्याचदा बाईच असते), जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारलं की तुमच्या तालुक्याचं कोण ते कळतं. अंगणवाडीताईलाही बहुधा ठाऊक असतं. तुमच्या वतीने शेजारीण, भाऊ, आशाताई कुणीही त्यांना कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी कुठलीही कारवाई होत नाही.

अहवाल भरताना

संरक्षण अधिकारी तुमचं ऐकून एक अहवाल भरतात. कागदोपत्री तो घरगुती घटना अहवाल, बोलण्यात डीआयआर. केस उभी राहते ती बरीचशी यावर, म्हणून घाई करू नका. त्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा, करणाऱ्याचं नाव असे रकाने असतात. 'नेहमी मारतो' एवढंच लिहिलं तर रकाने रिकामे राहतात. तारखा आठवत नाहीत, हे साहजिक आहे. पण सण आठवतात. पोळ्याच्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या जेवणाला, तोडीला निघायच्या आदल्या रात्री. ते सांगा, तारीख कॅलेंडर बघून अधिकाऱ्यांना काढता येते. जुन्या घटनाही लिहा. शारीरिक, लैंगिक, तोंडी आणि आर्थिक असे चार भाग असतात, चारही वाचून घ्या. लैंगिक छळाचा रकाना लाजेपायी कोरा सुटतो. शेवटी तुम्हाला काय हवंय ते विचारतात. तिथे 'न्याय हवा' असं लिहू नका. महिन्याला इतका खर्च, घरातली इतकी जागा, लेकरू माझ्याकडे, माझं मंगळसूत्र आणि पैंजण परत, असं मोजून लिहा. सही किंवा अंगठा करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, आणि प्रत घ्या.

हा अहवाल नसला तरी कोर्टात थेट अर्ज करता येतो, तेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. अधिकारी रजेवर आहेत म्हणून अडून बसायचं कारण नाही.

कोर्टातला अर्ज

तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ चा अर्ज जातो. सासर लातूरला, मार चाकूरला बसला, आणि आता तुम्ही परळीला माहेरी आहात, तर अर्ज परळीतच करता येतो. तात्पुरत्या मुक्कामाचं ठिकाणही चालतं. सासरच्या गावी तारखांना खेटे घालायची गरज नाही.

वकिलाचे पैसे नाहीत हे कारण तर मनातून काढूनच टाका. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. शिक्षिका असली तरी मिळतो. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची. फोनवर विचारायचं तर १५१००.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत. प्रत्यक्षात याहून फार वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरलेलं बरं. म्हणूनच मुख्य अर्जासोबत अंतरिम अर्ज आणि त्याचं प्रतिज्ञापत्र लावायला वकिलाला आठवणीने सांगा. मारहाणीची मनाई आणि महिन्याचा खर्च असं निकालाआधीही मिळू शकतं.

कागदांची जमवाजमव

लग्न झाल्याचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका, फोटो, लेकरांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले चालतात. स्त्रीधनासाठी सराफाची पावती, नाहीतर लग्नातला दागिने दिसणारा फोटो. शिव्यांचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नका, आणि फोन काढून घेतील म्हणून दुसऱ्या विश्वासू फोनवर पाठवून ठेवा.

खर्च ठरतो तो नवऱ्याच्या कमाईवर, आणि कमाई लपवणं हा तर इथला जुना खेळ. 'कोरडवाहू दोन एकर, साहेब, त्यातही पाऊस नाही.' गट नंबर माहीत असेल तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, कुणाची परवानगी लागत नाही. आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) सुद्धा काढा. ट्रॅक्टर, दूध डेअरीचं खातं, कारखान्याला गेलेला ऊस, किराणा दुकान, जे असेल त्याची नुसती यादी द्या. दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र कोर्टात द्यावंच लागतं, आणि तुमच्या यादीमुळे त्याची लपवाछपवी उघडी पडते.

बँकेचं खातं तुमचं, पण एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, असं असेल तर तो आधी बदला. लाडक्या बहिणीचे पैसे कुणाच्या खिशात जातात ते तेव्हाच कळतं.

बैठक आणि फारकत

केस करण्याआधी किंवा नंतर पाहुणे बैठक बसवतात. समेट करायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण दोन गोष्टी सांभाळा. कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं तर तिथे 'तिनेच चिडवलं म्हणून मारलं' असं समर्थन करायची मुभा नवऱ्याला नियमाने नाही. आणि स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहिलेल्या फारकतीने सहसा घटस्फोट होत नाही. ती चालण्यासाठी समाजाची तशी जुनी रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. एरवी त्या कागदाने लग्न मोडत नाही, उलट 'पोटगीचा हक्क सोडला' हे वाक्य मात्र नंतर तुमच्याच विरोधात वापरलं जातं. पंचांच्या दडपणाखाली सही करून आलेल्या बाया दर हंगामात भेटतात. न वाचलेल्या कागदावर अंगठा नको.

महिन्याच्या आधारासाठी

घटस्फोटाची केस चालू आहे, किंवा घटस्फोट होऊनही पोटगी मिळत नाही, अशा बाईला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. अर्ज तहसीलला. उत्पन्नाचा आणि वयाचा दाखला, रहिवासी पुरावा, रेशनकार्ड, कोर्टातल्या केसची प्रत लागते. हे अनुदान सुरू असताना लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळत नाहीत.

आदेश मिळाल्यावर

कोर्टाच्या आदेशाची प्रत फुकट मिळते. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि पोलिसांना त्यात वॉरंटशिवाय अटक करता येते. नोकरदार नवरा पैसे देत नसेल तर त्याच्या पगारातून थेट कापून देण्याचा आदेश मागता येतो. ज्याच्याकडून त्याचं येणं आहे त्यालाही तसं सांगता येतं. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करायचं. हा आदेश देशभर लागू असतो. दसऱ्यानंतर टोळी कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात गेली तरी तो तिथे चालतो, म्हणून निघताना झेरॉक्स सोबत ठेवा आणि फडाजवळच्या पोलीस ठाण्यात एक प्रत देऊन तिच्यावर पोच घ्या.