मास्टर ऑफ सर्जरी (शल्यविज्ञानातली संशोधन पदवी)

मास्टर ऑफ सर्जरी म्हणजे आपल्याकडचं एमएस. एमबीबीएसनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी करायची आणि त्यातच एका विषयावर प्रबंध लिहायचा, ज्याला धुळ्यापासून जळगावपर्यंत कुणीच प्रबंध म्हणत नाही, थिसिसच म्हणतात. खानदेशात ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची (स्थापना १९९८). जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाकडे मेडिकल नाही, पण नातेवाईकांना हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं.

नाव आणि उगम : मूळ लॅटिन नाव 'किरुर्गिए मॅजिस्टर', त्यावरून सीएम किंवा सीएचएम. ब्रिटनमधे विद्यापीठानं सर्जरीची स्वतंत्र पदवी देणं ग्लासगोत सुरू झालं असं बहुतेक जण मानतात आणि साल साधारण १८१७ धरतात. पण तिथल्या फिजिशियन-सर्जनांच्या फॅकल्टीकडे (ही विद्यापीठाबाहेरची डॉक्टरांची संस्था) १५९९ ची राजसनद होती, त्या भागात सर्जरीचं लायसन्स आम्हीच देणार असं तिचं म्हणणं, मग कोर्टबाजी सुरू झाली ती थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि १८४० मधे निकाल फॅकल्टीच्या बाजूनं लागला. पुढे स्कॉटलंडमधे सीएम ही एमबीसोबत (बॅचलर ऑफ मेडिसिन) मिळणारी पहिलीच पदवी होऊन बसली. शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉयल १८८१ ला एडिनबरातून एमबी सीएम झाला, म्हणजे नावात मास्टर असलं तरी तो नुकता पास झालेला डॉक्टरच. नंतर हीच अक्षरं वर सरकली आणि काही वर्षं प्रॅक्टिस करून मोठा संशोधन प्रबंध दिल्यावर मिळणारी पदवी असा अर्थ आला. भारतात एमसीएच म्हणजे एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी, तिचा त्या प्रबंधवाल्या पदवीशी फक्त नावापुरता संबंध. आपलं एमएस संशोधन पदवी की क्लिनिकल, हा वाद त्यामुळेच चालतो. थिसिस सक्तीचा आहे म्हणून संशोधन पदवी म्हणणारे आहेत, पण परीक्षेत खरी कसोटी लागते ती पेशंटपाशी, तेव्हा संशोधन जोडलेली क्लिनिकल पदवी म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

एडिनबरा विद्यापीठाचा सर्जिकल सायन्सेसचा ऑनलाइन एमएससी २००७ पासून आहे, तीन वर्षं पार्टटाइम, शेवटच्या वर्षी संशोधन. घरबसल्या होतो, पण त्यावर भारतात सर्जन म्हणून रजिस्ट्रेशन मिळत नाही.

आयुर्वेदातही शल्यतंत्राचं एमएस असतं. त्याची परंपरा सुश्रुतापासून सांगतात, सुश्रुताचा काळ कुणी इ.स.पू. ६०० च्या आसपास नेतं तर कुणी बराच अलीकडे आणतं. सध्याची संहिता एका हातची नसून थराथरानं वाढली असावी, हे मत जास्त पटणारं आहे.

खानदेशातली कॉलेजं : धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय मेडिकल कॉलेज जुनं, जळगावचं शासकीय कॉलेज २०१८ चं, नंदुरबारचं २०२० चं. खाजगी वेगळी.

थिसिस : आधी सायनोप्सिस (थिसिसचा आराखडा), मग एथिक्स कमिटीची मंजुरी, ट्रायल असेल तर सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी (एप्रिल २०१८ पासून ही पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते), आणि परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस सबमिट. खरी मेख सॅम्पल साईजमधे असते. फॉर्म्युला ठरलेला, चार पी क्यू भागिले एलचा वर्ग (पी म्हणजे टक्क्यांतलं प्रमाण, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). समजा जखमेत इन्फेक्शन व्हायचं प्रमाण २० टक्के धरलं आणि ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, तर ४ गुणिले २० गुणिले ८० भागिले २५, म्हणजे २५६ पेशंट. एवढे कुठून आणायचे? मग एल १० करायचा की उत्तर ६४ येतं आणि गाईडही खूश. म्हणून साठ-सत्तर पेशंटचे थिसिस एवढे दिसतात, त्याचा आजाराशी काही संबंध नसतो. सगळे पेशंट शेवटी एक्सेलमधल्या मास्टर चार्टमधे भरायचे, आणि तो बहुतेक वेळा रात्रीच्या ड्युटीत कॅज्युअल्टीच्या टेबलावरच भरला जातो.

विषय इथल्या वॉर्डातूनच येतात. देशी दारू पिणाऱ्यांमधला लिव्हर ॲब्सेस (यकृतात पू होणं), तंबाखूचा तोंडाचा कॅन्सर, आतडं फुटून आलेले पेशंट. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पेशंटमधे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो, त्यात रक्तपेशी लवकर फुटतात आणि बिलिरुबिन साठून कमी वयातच पित्ताशयात खडे होतात, शिवाय ऑपरेशनमधे ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी झालं तर पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात, म्हणून टेबलावर घ्यायच्या आधी टेस्ट लागते.

संमतीपत्रक मराठीत छापलेलं असतं आणि पेशंट अहिराणी नाहीतर पावरी बोलतो. 'पोट कव्हयपाइन दुखस?' असं विचारल्याशिवाय प्रोफॉर्मामधला (पेशंटच्या माहितीचा फॉर्म) 'किती दिवसांपासून' हा रकाना नीट भरला जात नाही, कारण प्रमाण मराठीत विचारलं की मान हलते आणि रेसिडेंट मनानंच दोन दिवस लिहून टाकतो. वाचता येत नसेल तर अंगठा आणि तटस्थ साक्षीदाराची सही हवी, आणि साक्षीदार म्हणून वॉर्डबॉय उभा करणं नियमात बसवायला जरा ताणावं लागतं.

फॉलोअपचं गणित शेतीवर आहे. हर्नियावाला कापूस वेचून झाल्याशिवाय ॲडमिट होत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडची माणसं दिवाळीनंतर कामाला गुजरातेत जातात, फोन लागत नाही, आणि सहा महिन्यांच्या फॉलोअपचे रकाने रिकामे राहतात. होळीला मात्र गावाकडे परततात, म्हणून अनुभवी गाईड फॉलोअपची तारीखच होळीच्या आठवड्यातली घ्यायला सांगतात.