बादशाह खान : 'सरहद्द गांधी' या नावाआधीची गोष्ट

खान अब्दुल गफार खान म्हणजेच बादशाह खान यांना आपण 'सरहद्द गांधी' म्हणतो. नाव प्रेमाचंच आहे, पण त्यामुळे पठाणांना अहिंसा गांधीजींनी शिकवली, असा समज होऊन बसला. तो अर्धाच खरा आहे. या कामाची सुरुवात आज पाकिस्तानात असलेल्या वायव्य सरहद्द प्रांतात, पेशावरजवळच्या उतमानझई गावात एका शाळेपासून झाली.

१८९० साली जमीनदार घरात जन्मलेल्या या तरुणाने १९१० मध्ये गावात शाळा काढली. १९२१ मध्ये आझाद शाळा उभी केली आणि त्याच वर्षी अटक होऊन तीन वर्षांची सक्तमजुरी भोगली. शाळा काढणारा माणूस सरकारला एवढा का खुपावा? कारण पठाणांच्या पश्तो भाषेत सूडाला 'बदल' म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या या वैरात गुंतलेले पठाण एकत्र येणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं.

१९२९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या खुदाई खिदमतगार (देवाचे सेवक) संघटनेची शपथ नेमकी याच दुखण्यावर होती: सूड घेणार नाही, वैर धरणार नाही. पांढरे सदरे लगेच मळायचे, म्हणून खिदमतगारांनी ते विटकरी रंगात रंगवले. तेवढ्यावरून सरकारने त्यांना 'लाल डगलेवाले' ठरवलं आणि त्यांच्यावर बोल्शेविक, म्हणजे रशियन कम्युनिस्टांच्या बाजूचे, असल्याचा संशय घेतला!

२३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमाव जमला आणि त्याच्यावर गोळीबार झाला. पुढचे कोसळले की मागचे त्यांच्या जागी येत. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी या लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. मला या लढ्यातला हा सर्वांत मोठा दिवस वाटतो.

१९३४ मध्ये सुटका झाली, पण सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी होती. तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले. मुंबईतल्या एका भाषणावरून त्यांना वर्ध्यातूनच पुन्हा अटक झाली. काँग्रेसचं अध्यक्षपद चालून आलं होतं, तेही त्यांनी नाकारलं.

१९४७ मध्ये काँग्रेसने फाळणी मान्य केली आणि तिच्यासोबत असलेले खिदमतगार एकाकी पडले. सरहद्द प्रांताने भारतात जायचं की पाकिस्तानात, यावरच्या सार्वमतावर त्यांनी बहिष्कार घातला. पुढे पाकिस्ताननेही बादशाह खानांना वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. १९८७ मध्ये भारताने त्यांना भारतरत्न दिलं. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरमध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार दफन अफगाणिस्तानातल्या जलालाबादला झालं. त्यासाठी अफगाण युद्धातल्या बंदुका थोडा वेळ थांबल्या होत्या.