नागपुरात कामगार घडवण्याचा खर्च कोणी उचलला?

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतला कुठलाही कारखानदार गाठा, पहिल्या पाच मिनिटांत तो म्हणणार, "कामाचे पोट्टे भेटत नाही ना भाऊ." आयटीआयच्या फाटकाबाहेर चहा पिणारे पोट्टे म्हणतात, काम भेटत नाही. मग उद्योग आणि शिक्षणसंस्था सामंजस्य करार करतात, फायलींची देवाणघेवाण करतानाचे फोटो छापून येतात, आणि ही भागीदारी जणू परवाच कोणाला सुचली असं वाटू लागतं. नागपुरात ती दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. तेव्हा तिला नाव नव्हतं, आणि शिकवण्याचा खर्च कोणाचा हा प्रश्नही कोणाला पडत नव्हता.

१८६७ मध्ये जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. सभोवार कापूस, वरोऱ्याचा कोळसा हाताशी, म्हणून जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून इथे गिरणी काढली. ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. शहरात हातमागावर बसणारे कोष्टी आणि महार विणकर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, पण वाफेच्या बळावर सूत काढणारा माणूस कुठून आणायचा? गंमत म्हणजे व्यवस्थापकही नवशिकाच. बेझनजी दादाभाई मेहता आले होते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून. यंत्रांची जाण होती ती लँकेशायरच्या जेम्स ब्रुक्सबी यांना.

त्यात नागपूरची हवा. मे महिन्यात इथे माणसाचे ओठ फुटतात, तिथे सुताची काय कथा! धागा कोरडा पडून तटातट तुटायचा. हवेत ओलावा राखण्यासाठी गिरणीत वेगळी यंत्रणा बसवावी लागली. गरगर फिरणाऱ्या चातीवरचा तुटका धागा दोन बोटांनी कसा जोडायचा, हे कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहायचा आणि बघून बघून शिकायचा. तो शिकेपर्यंत जे सूत वाया जाई ते गिरणीच्या खात्यात. शिकलेल्या तरुणांना शिकाऊ म्हणून घेऊन पुढे जबाबदारीच्या जागी बसवण्याची पद्धतही जमशेदजींनी इथे पाडली. यात धर्मादाय काही नव्हता. तयार माणूस बाजारात मिळतच नसेल तर घरी तयार करावा लागतो, एवढाच व्यवहार.

दुसरं उदाहरण एका खाणमालकाचं. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले. १९३० मध्ये ते वारले, तेव्हा उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाच्या नावे सुमारे ३५ लाख रुपये ठेवून गेले. संस्था उभी राहायला १९४२ उजाडलं. तीच आपली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, जी २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. देणगी मोठीच होती. पण एम्प्रेसने जागा, यंत्र आणि जुन्या कामगाराचा वेळ दिला होता, इथे उद्योगाकडून आला तो पैसा. शिकण्याची जागा कारखान्यातून आवारात गेली, आणि माझ्या मते फाटा फुटला तो इथे.

(१९३७ मध्ये पलीकडे वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली होती, की शिक्षणच हस्तव्यवसायातून द्यावं. नागपूरच्या कारखानदारीने तिची फारशी दखल घेतली असं दिसत नाही.)

स्वातंत्र्यानंतर शिकवण्याचा भार सरकारने अंगावर घेतला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून आयटीआय वाढल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर शिकाऊ घेण्याची सक्ती केली, टाळलं तर कैदेचीही तरतूद ठेवली. भीतीपोटी आकडा भरला जाई. आकड्यातला पोरगा मशीनपाशी पोचेच असं नाही, कित्येकांचं वर्ष सामान उचलण्यात गेलं.

एम्प्रेस १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. भोंग्याबरोबर जुन्याच्या शेजारी उभं राहण्याची ती जागाही गेली.

काही वर्षांपूर्वी एका आयटीआयच्या फिटर कार्यशाळेत गेलो होतो. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळून मुलं कानस चालवत होती. निदेशक काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरत, फटीतून प्रकाश आला की पट्टी परत. हात बसवण्याची ही रीत उत्तम आहे, तिला कोणी हसू नये. पण कोपऱ्यातली सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, प्लास्टिकखाली झाकलेली होती. बिघडली तर दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, हे निदेशकांचं उत्तर.

अशा संस्थांसाठी केंद्राने २००७ मध्ये योजना आणली. देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआय, प्रत्येकीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि संस्था व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद उद्योजकाकडे. जिथे अध्यक्ष स्वतः कार्यशाळेत उतरला तिथे फरक पडला, एरवी सभेच्या इतिवृत्तावर सह्या. २०१४ मध्ये शिकाऊ कायद्यातली कैद काढली, पुढे २०१९ च्या नियमांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याची चौकट आखली आणि किमान विद्यावेतन वाढवलं. आता पाळी उद्योगांची होती.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात २०१७ साली दासो ही फ्रेंच विमान कंपनी आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. इथे फाल्कन विमानांचे भाग बनतात. विमानाच्या सांगाड्याला हात लावणारा फिटर विदर्भात तयार मिळणार नव्हता. एम्प्रेसचीच अडचण पुन्हा. दासोने नागपूरच्या शासकीय आयटीआयत 'एअरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा नवा ट्रेड सुरू करण्यात हात दिला.

विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात भोक पाडताना ड्रिल केसभर सरकलं तर पत्रा बाद. शिकणाऱ्याचं ड्रिल सरकणारच. तो बाद पत्रा कोणाच्या खात्यात टाकायचा, नवा करार हाती आला की मी आधी तेवढंच कलम शोधतो.