पात्याविना उरलेली तबकडी : जपानी त्सुबाची पार्श्वभूमी

जपानी तलवार सुटी करायची तर आधी मुठीतून बांबूची एक छोटी खुंटी काढावी लागते. तिला मेकुगी म्हणतात. ती निघाली की मूठ सरकते आणि पातं, मूठ, पातळ चकत्या, मधोमध भोक असलेली एक जाड तबकडी असे सगळे भाग वेगळे होऊन समोर येतात. ती तबकडी म्हणजे त्सुबा. आपल्या तलवारीलाही परज असते, पण ती मुठीसोबत एकजीव घडवलेली. मूठ बदलल्याशिवाय परज बदलत नाही. जपानमध्ये मात्र एकाच पात्यावर दरबाराला जाताना एक त्सुबा, एरवी दुसरा, असं सहज करता येई. आज जगभरातले कारागीर पात्याविना नुसते त्सुबा घडवतात, त्याची मुळं या सुट्या बांधणीत आहेत.

मोठ्या तलवारीचा त्सुबा साधारण 7 ते 8 सेंटिमीटर व्यासाचा आणि 4-5 मिलिमीटर जाडीचा. हात पात्यावर घसरू नये आणि तलवारीचा तोल हातात नीट बसावा, एवढंच त्याचं मूळ काम. सुरुवातीचे त्सुबा म्हणजे लोखंडाच्या साध्या पत्र्याच्या तबकड्या. तलवारी आणि चिलखतं घडवणाऱ्या लोहारांच्याच त्या, असं परंपरेनं मानलं जातं. फार तर त्यांत एखादं फूल किंवा चाक कोरून आरपार काढलेलं असे. पंधराव्या शतकात, ओनिन युद्धाच्या, म्हणजे जपानमधल्या मोठ्या यादवीच्या (1467–1477) आगेमागे, धातूकामाची वेगळी घराणी उभी राहिली. आशिकागा घराण्यातल्या शोगुनाच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, पदरी असलेल्या गोतो युजोनं सुरू केलेलं गोतो घराणं पुढे पिढ्यान्‌पिढ्या राज्यकर्त्यांसाठी काळ्या-सोनेरी, दरबारी थाटाचं काम करत राहिलं.

मला स्वतःला गोतोंचा थाट जरा दुरूनच बरा वाटतो. जीव अडकतो तो हिगोच्या लोखंडात.

हिगो म्हणजे क्युशू बेटावरचा आजचा कुमामोतो. 1632 मध्ये होसोकावा घराणं तिथं आलं. त्या घराण्यातला सान्साई हा चहाविधीचा महान गुरू सेन नो रिक्यू याचा शिष्य. साधेपणात श्रीमंती पाहण्याची ती नजर सान्साईनं आपल्या आश्रयाच्या कारागिरांनाही दिली. त्यांतला हायाशी माताशिची बंदुका घडवणाऱ्या घराण्यातला होता. त्याच्या एका त्सुबावर फाटक्या पंख्याच्या काड्या आणि चेरीची फुलं सोन्यात बसवलेली आहेत. पंखा नवा नाही, फाटका आहे, आणि तोच देखणा आहे! त्यासाठी लोखंडाच्या पृष्ठभागावर कापडाच्या विणीसारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि त्यांच्या खरखरीत दातांवर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा. आपल्याकडच्या कोफ्तगिरीशी, म्हणजे पोलादावर सोनं-चांदी ठोकून बसवण्याच्या कामाशी, या रीतीचं जवळचं नातं दिसतं. हा त्सुबा आज टोकियोत, होसोकावांच्या एइसेई बुन्को या संग्रहात आहे.

मियामोतो मुसाशी हा नावाजलेला तलवारबाज अखेरची वर्षं, 1640 पासून 1645 मध्ये मरेपर्यंत, याच कुमामोतोत होता. दोन बाजूंना दोन लांबट गोल पोकळ्या, एवढाच आकार असलेला एक त्सुबा परंपरेनं त्याच्या नावावर सांगतात. बाकी काहीही नाही. आजचे कारागीर तो आकार पुन्हापुन्हा घडवतात, कारण तिथं लपायला जागा नाही. कडेची गोलाई जराशी चुकली की डोळ्यात सलते.

सतराव्या शतकापासून तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत लढाया थांबल्या आणि तलवार मुख्यतः कमरेला लावून मिरवण्याची वस्तू झाली. पैसेवाले व्यापारीही आखूड तलवार बाळगू शकत, तेव्हा गिऱ्हाईकही वाढलं. गोतोंच्या साच्यातून बाहेर पडून योकोया सोमिनसारखे कारागीर शहरी गिऱ्हाइकांसाठी काम करू लागले. सोमिनच्या छिन्नीची रेघ एका बाजूला खोल आणि दुसरीकडे उथळ उतरते, जणू कुंचल्याचा फटकारा.

पण या कलेचं खरं अंतरंग रंगात आहे, आणि इथंच नवखा पाहणारा फसतो. त्सुबावरचा काळा, करडा किंवा लालसर रंग वरून लावलेला नसतो. तो धातूच्याच अंगातून बाहेर काढलेला असतो. तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोनं मिसळलं की शाकुदो होतो. भट्टीतून निघतो तेव्हा तो साध्या तांब्यासारखाच दिसतो. तांब्यात चौथा हिस्सा चांदी घातली की शिबुइची. या शब्दाचा अर्थच मुळी ‘चारातला एक’ असा आहे. काम पुरं झालं की ते अगदी स्वच्छ करायचं, किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायचं आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) व मोरचूद घातलेल्या उकळत्या पाण्यात हलवत ठेवायचं. हळूहळू शाकुदोवर कावळ्याच्या पंखासारखी जांभळट झाक असलेला काळा रंग चढतो, शिबुइची धुक्यासारखी करडी होते, तांबं लालसर होतं, सोनं जसंच्या तसं राहतं. एकाच भांड्यात, एकाच वेळी! बोटाचा तेलकट ठसा राहिला तर डाग पडतो आणि सगळं घासून पुन्हा सुरू करावं लागतं.

बिदरीचं काम जवळून पाहिलेल्याला हे पटकन उमगेल. तिथं जस्ताची मिश्रधातू नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं काळी होते, चांदी पांढरीच राहते. तत्त्व एकच: रंग फासायचा नाही, धातूकडून काढून घ्यायचा.

शाकुदोवर पुष्कळदा नानाको केलेलं असतं. नानाको म्हणजे माशाची अंडी. टोकाला वाटीसारखा खोलगट असलेला ठसा हातोडीनं एकेकदा मारत, मिलिमीटरहूनही बारीक दाण्यांच्या ओळी भरत जायचं. असा त्सुबा दिव्याखाली तिरका धरला की ओळ कुठं वळली, कुठं हात डळमळला ते लगेच कळतं, कारण प्रकाश तिथं अडखळतो.

मग 28 मार्च 1876 ला तलवार बाळगण्यावर बंदी आली. सैनिक, पोलीस आणि दरबारी समारंभ सोडले तर कोणालाच कमरेला तलवार लावता येईना. धातूकाम करणारे बहुतेक जण फुलदाण्या, धूपदाण्या, परदेशी पाठवायच्या शोभेच्या वस्तू यांकडे वळले. कानो नात्सुओनं तर त्याआधीच शोगुनांनंतर आलेल्या मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे मूळ नमुने कोरले होते. पुढे टोकियोच्या कलाशाळेत तो शिकवू लागला. हात टिकले, पण त्सुबाचं रोजचं काम गेलं. जुने त्सुबा परदेशी संग्राहकांनी ढिगांनी नेले. बोस्टन आणि हाम्बुर्गच्या संग्रहालयांत आज ते भरभरून आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर, 1945 नंतर, देशाचा ताबा घेणाऱ्या सैन्यानं तलवारी जमा करायला लावल्या, असंख्य नष्टही झाल्या. जे उरलं ते जपायला 1948 मध्ये जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. तिच्या स्पर्धांत पात्यांसोबत त्सुबा आणि इतर साजाचं नवं कामही पारखलं जातं. इथं एक महत्त्वाचा फरक आहे. जपानमध्ये पातं घडवायला सरकारी परवाना लागतो आणि महिन्याला किती तलवारी करायच्या यावरही मर्यादा आहे. त्सुबा हत्यार नाही, म्हणून त्याला असं बंधन नाही. त्यामुळे ही विद्या जपानबाहेरही रुजली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या फोर्ड हॅलमनं जपानी धातूकामात इतकी मजल मारली की एकोणिसाव्या शतकातल्या हागिया कात्सुहिराच्या वाघाच्या त्सुबाचा हरवलेला जोडीदार पुन्हा घडवण्याचं काम त्यानं अंगावर घेतलं. अशा पुनर्निर्मितीला उत्सुशी म्हणतात. तिला नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जुन्या उस्तादाचा हात कुठं थांबला आणि कुठं जोरात गेला, हे छिन्नी धरूनच समजतं.

गिफूच्या नारुकी इस्सेईनं वेगळा रस्ता धरला. कारखान्यातलं पोलाद सगळीकडे सारखं, एकसुरी असतं. जुन्या लोखंडात मऊ-कठीण थर असतात आणि त्सुबाच्या कडेवर कठीण गाठी उठून दिसतात; संग्राहक त्यांना तेक्कोत्सु, म्हणजे लोखंडाची हाडं, म्हणतात. ती हाडं हवीत म्हणून नारुकीनं लोहवाळूपासून स्वतः लोखंड काढलं. त्याचा त्सुबा पाहताना नक्षी मागाहून पाहावी, आधी कड पाहावी.

त्सुबाच्या मधल्या भोकाभोवतीची जागा तलवार जोडली की चकत्यांखाली झाकली जाते, आणि कारागिराची सही नेमकी तिथंच असते. जुन्या त्सुबाच्या भोकाच्या काठावर छिन्नीचे ठोकेही सापडतात, वेगळ्या पात्यावर घट्ट बसवण्यासाठी नंतर कोणीतरी मारलेले. आजच्या बहुतेक त्सुबांवर ते ठोके नसतात, कारण त्यांना पातं कधी मिळतच नाही. तरीही कारागीर ते भोक वर निमुळतं, खाली रुंद असं मापात कापतो, कानशीनं त्याच्या आतल्या बाजू साफ करतो आणि सही चकतीखाली जाईल अशाच जागी कोरतो.